मिश्र पीक आणि मुळांवरची मित्रबुरशी : विदर्भातल्या शेतकऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

आमचं वावर यवतमाळ जिल्ह्यात, कळंबच्या बाजूला. साडेसहा एकर, सगळं कोरडवाहू. चार एकर काळी भारी, बाकी बरड. काही वर्षांपासून पऱ्हाटी (कपाशी) आणि सोयाबीनच्या जोडीला आम्ही तूर, ज्वारी, जवस, बरबटी (चवळी) पुन्हा आणली आणि तेव्हापासून गावातली माणसं, पाहुणेरावळे एकसारखं विचारत असतात. फोनवर तीच तीच उत्तरं देण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावीत म्हणून हे पान.

बुरशी म्हणजे रोगच ना? ती चांगली कशी?

मर, मूळकूज, करपा आणणाऱ्या बुरश्या आहेतच, आणि त्यांनी आपलं पुष्कळ नुकसान केलं आहे. ही बुरशी वेगळी. शास्त्रज्ञ तिला मायकोरायझा म्हणतात, कृषी केंद्रात 'व्हॅम' म्हणून मागितली की मिळते. मायकोरायझा म्हणजे बुरशी आणि मूळ यांची जोडी. आल्बर्ट फ्रँक या जर्मन शास्त्रज्ञानं १८८५ साली हे नाव दिलं. ही बुरशी मुळाच्या आत शिरते, पण मूळ मारत नाही. आत राहून बाहेरच्या मातीत धागे सोडते. त्या धाग्यांतून स्फुरद (फॉस्फरस), जस्त आणि थोडंफार पाणी ओढून झाडाला देते, आणि झाड पानात तयार केलेल्या अन्नातला वाटा तिला देतं. हा वाटा साधारण ४ ते २० टक्क्यांपर्यंत धरतात. झाड इतकं उगाच देणार नाही.

जमिनीवरच्या वनस्पतींपैकी जवळपास ७० ते ८० टक्के जातींशी या बुरशीचं नातं आहे. स्कॉटलंडमध्ये सापडलेल्या ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही ती मुळासारख्या भागात बसलेली दिसते. शेती तर कालची गोष्ट.

आमच्याकडे शेणखत आहे, जिवाणू खतही लावतो. मग तिची गरज काय?

स्फुरद मातीत जागचं हलत नाही. मूळ आपल्या भोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा स्फुरद ओढून घेतं, आणि मग त्याच्याभोवती रिकामी पट्टी उरते. आपल्या काळ्या चुनखडीच्या मातीत तर तो चुन्याशी बांधला जातो. स्फुरद विरघळवणारे जिवाणू तो मोकळा करतात, पण नेऊन देत नाहीत. नेण्याचं काम बुरशीचं. तिचा धागा आपल्या केसाच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक असतो. मुळाचे केस जिथे शिरत नाहीत अशा फटीत तो जातो आणि मुळापासून काही सेंटिमीटर दूर पोचतो. एका ग्रॅम मातीत असे धागे काही मीटर भरतात.

डोळ्यानं दिसते का?

नाही. जमिनीवर पांढरी जाळी दिसते ती बहुतेक काडीकचरा कुजवणारी दुसरी बुरशी असते.

मी एकदा मात्र पाहिली. नात्यातली मुलगी कृषी महाविद्यालयात शिकत होती, तिच्याकडे जवसाची दोन झाडं मुळांसकट नेली. तिनं मुळं धुऊन पोटॅशच्या द्रावणात गरम केली, ती फिकी, काचेसारखी झाली. मग व्हिनेगरमध्ये काळी शाई घालून त्यात बुडवली, पुन्हा धुतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मुळाचा रंग उतरला होता, बुरशीचा राहिला होता. एक निळसर धागा पेशींच्या मधून चालला होता आणि एका पेशीच्या आत त्याला फांद्या फुटल्या होत्या, त्यांना आणखी फांद्या. चैत्रात पानं झडलेलं झाड लांबून दिसावं तसं. ती म्हणाली, देवाणघेवाण इथेच होते. मी बराच वेळ डोळा काढला नाही. इतकी वर्षं निंदण करताना त्या मुळांवरून हात फिरला होता आणि काही माहीत नव्हतं.

पण पिकं जास्त लावण्याशी तिचा काय संबंध?

हाच खरा प्रश्न, म्हणून सविस्तर सांगते.

ही बुरशी शेणावर, पालापाचोळ्यावर जगत नाही. तिला जिवंत मूळच लागतं. आपल्याकडे सोयाबीन जूनच्या शेवटी पेरतो, ऑक्टोबरात सोंगून घेतो. त्यानंतर रब्बी नसेल तर पुढच्या जूनपर्यंत, म्हणजे जवळजवळ आठ महिने, त्या वावरात एक जिवंत मूळ नसतं. वर मे महिन्याचं ऊन. बुरशी एकदम मरत नाही. तिचे बीजाणू आणि वाळलेल्या मुळांचे तुकडे तग धरतात. पण काळ लांबला की ती घटते, आणि पुढच्या पेरणीत रोपाला ती भेटायला उशीर होतो. स्फुरदाची खरी गरज तर पहिल्या महिन्यातच असते.

हे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये ठळक दिसलं. तिथली जमीनही आपल्यासारखीच काळी, भेगा पडणारी. पाऊस नसला की शेतकरी वर्षभर आणि त्याहून जास्त रान पडीत ठेवत. जमिनीला विश्रांती मिळाली म्हणून पीक जोमात यायला हवं, पण जवस, सूर्यफूल, मका पिवळे आणि खुजे राहायचे. स्फुरद-जस्ताची उणीव दिसायची, जमिनीत ते असूनही. १९८७ साली थॉम्पसन यांनी दाखवलं की लांब पडीत काळात ही बुरशी घटलेली असते.

दुसरी बाजू अशी की ही बुरशी एकच एक नाही. जगात तिच्या तीनशेहून जास्त जाती नोंदल्या आहेत. एखादी स्फुरद चांगला आणते, एखादी कोरड्यात टिकते, एखादी झाडाकडून भरपूर घेते आणि परत कमी देते. दरवर्षी तेच पीक घेतलं तर त्याच मुळाला चिकटून वाढणाऱ्या जाती माजतात, आणि त्या उपयोगाच्याच असतील असं नाही. अमेरिकेत मिनेसोटात मका आणि सोयाबीन वर्षानुवर्षं एकाच जागी घेऊन पाहिलं. १९९२ साली त्या संशोधकांनी मांडलं की एकल पिकामुळे त्याच पिकाला कमी उपयोगी बुरश्या वाढतात, आणि उत्पादन उतरण्याचं तेही एक कारण असू शकतं. मध्य युरोपात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही सलग मक्याच्या शेतात बुरशीच्या जाती सर्वांत कमी सापडल्या आणि गवताळ रानात सर्वांत जास्त.

पऱ्हाटीत तुरीचे तास (ओळी) घातले की पऱ्हाटी निघाल्यावरही तुरीची मुळं काही आठवडे जिवंत असतात. मूग ऑगस्ट-सप्टेंबरात निघतो तेव्हा ज्वारी उभी असते. कुणाची मुळं उथळ, कुणाची खोल, कुणी लवकर सुकतं, कुणी उशिरा. बुरशीला चूल कधी पूर्ण विझलेली सापडत नाही, असं समजा.

कोणती पिकं तिला पोसतात आणि कोणती नाही?

आपली बहुतेक पोसतात. पऱ्हाटी, तूर, ज्वारी, सोयाबीन, हरभरा, मूग, उडीद, बरबटी, भुईमूग, तीळ, करडी, सूर्यफूल, मका, कांदा, मिरची. जवस तर तिच्यावर फारच अवलंबून.

पोसत नाहीत त्यांत मोहरी, मुळा, कोबी, फुलकोबी ही एक बिरादरी, आणि पालक, चाकवत, बीट, राजगिरा ही दुसरी. याचा अर्थ ही लावू नका असा नाही. परसात पालक हवाच, आणि मोहरीला भाव असेल तर घ्या. फक्त कोबीच्या तुकड्यात पुढच्या खेपेला लगेच जवस किंवा कांदा धरताना थोडं थांबा. मध्ये एखादं डाळीचं पीक येऊ द्या.

पऱ्हाटीवर तर ती चांगली वाढते. मग नुसती पऱ्हाटी लावली तर काय बिघडलं?

वाढते, खरं आहे. पण वर लिहिलेली दुसरी बाजू पऱ्हाटीलाही लागू आहे. आणि एक धोका इथे स्पष्ट सांगायला हवा : बुरशीला जिवंत मूळ मिळावं म्हणून फरदड ठेवू नका, म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवू नका. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भात काय केलं ते कोणी विसरलेलं नाही. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा. मुळं जिवंत ठेवायची तर तुरीची ठेवा, हरभऱ्याची ठेवा, जवसाची ठेवा.

बीटीमुळे बुरशी मेली का?

बीटीतलं प्रथिन बोंडअळीच्या आतड्यावर काम करतं. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाल्यानंतरच्या काळात बुरशीच्या दृष्टीनं मोठी घडामोड झाली ती पेरणीत. दाट, सलग पऱ्हाटी आली, सोयाबीन वाढलं, ज्वारी हटली आणि मधले तास मोडले.

पूर्वी आपल्याकडे पेरत कसे?

आमच्या सासूबाई सांगत : घरचे लोक तिफण धरत आणि बाया मागे सरता (बी सोडायची नळी) धरून चालत. पऱ्हाटीचे काही तास झाले की तुरीचा एक तास सरत्यातून पडे. ओटीत बरबटी, अंबाडी, तीळ वेगळे बांधलेले. धुऱ्याजवळ (बांधाजवळ) आलं की त्यातली मूठ सुटायची. भाजी, तेल, दोर, कुटार, सगळं त्या एका वावरातून निघायचं. बुरशी त्यांना माहीत नव्हती. पाऊस दगा देतो हे माहीत होतं, म्हणून एका पिकावर घर टांगून ठेवत नसत.

तूर शेजारच्या पिकाला पाणी देते असं ऐकलं. खरं आहे?

काही प्रमाणात. तुरीचं सोटमूळ खोल जातं. रात्री खालच्या ओलाव्यातलं थोडं पाणी वरच्या कोरड्या थरात झिरपतं. स्वित्झर्लंडच्या बासेल विद्यापीठातल्या संशोधकांनी तूर आणि नाचणी एकत्र वाढवून पाहिली. वरची माती कोरडी पडल्यावर तुरीशेजारची नाचणी चांगली राहिली, आणि दोघांना जोडणारं बुरशीचं जाळं असेल तेव्हा फायदा जास्त दिसला. पण हे प्रयोगातल्या कुंड्यांमधलं. वावरात तूर पाण्यासाठी भांडतेही. फार जवळ लावली तर ज्वारी मार खाते, हे मी आमच्याच बरडात पाहिलं आहे. दोन तासांत अंतर सोडलं तेव्हा सुधारलं.

तुरीचा आणखी एक गुण १९९० साली हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेतून समोर आला : लोहाशी घट्ट बांधलेला स्फुरद तुरीची मुळं स्वतःच्या स्रावानं सोडवतात. हा उपयोग लाल मातीत जास्त. आपल्या काळ्या मातीत स्फुरद चुन्याशी बांधलेला असतो.

डीएपी टाकला तर बुरशी मरते?

मरत नाही, पण झाड तिला विचारेनासं होतं. स्फुरद हाताशी भरपूर असेल तर तिला अन्न देण्याचं झाडाला कारण उरत नाही. डीएपी या रासायनिक खताच्या ५० किलोच्या एका पोत्यात २३ किलो स्फुरद असतो. 'शेजाऱ्यानं दोन टाकले म्हणून मीही दोन' असं करू नका. माती तपासा, अहवालात स्फुरद मध्यम किंवा जास्त आला असेल तर मात्रा कमी करा. एकदम बंद करा असंही मी म्हणणार नाही. स्फुरद खरोखर कमी असलेल्या बरडात बुरशी तरी तो कुठून आणणार?

दरवर्षी नांगरतो. चालेल का?

खोल नांगरटीनं धाग्यांचं जाळं तुटतं आणि नव्यानं विणावं लागतं. आम्ही तीन वर्षांतून एकदा नांगरतो, बाकी वखरणीवर भागवतो. हरळी किंवा कुंदा माजला असेल तर नांगराशिवाय इलाज नसतो, तेव्हा नांगरा.

व्हॅमची पुडी घ्यावी का? कोणती?

कंपनीचं नाव मी सांगत नाही. माझा अनुभव सांगते. एका वर्षी आम्ही चार एकरांसाठी व्हॅमची भुकटी आणली. मे महिन्यात आणली, टिनाच्या खोलीत ठेवली, जूनमध्ये बियाण्याला चोळली. पीक शेजारच्या तुकड्यासारखंच आलं, पैसे गेले. नंतर कळलं की हे जिवंत बीजाणू आहेत. तापलेल्या टिनाखाली महिनाभर ठेवल्यावर काय उरणार? शिवाय पाकिटावरची उत्पादनाची तारीख आम्ही पाहिलीच नव्हती, ती जुनी होती. विकणाऱ्यानंही सांगितलं नाही.

घ्यायचीच असेल तर तारीख, बॅच नंबर आणि खत नियंत्रण आदेशाप्रमाणे एका ग्रॅममध्ये किती जिवंत घटक आहेत हे पाहा. सावलीत, थंड जागी ठेवा. ती बियाण्याच्या किंवा रोपाच्या मुळाजवळ पडली पाहिजे; वावरभर फेकून उपयोग नाही. आणि पुढचे आठ महिने रान उघडं राहणार असेल तर ही पुडी दरवर्षी विकत घ्यावी लागेल.

घरी तयार होते का?

होते. जिथे खत-औषध फारसं पडत नाही अशा जुन्या धुऱ्यावरची, गवताच्या मुळांभोवतीची माती घ्या. तीन-चार टोपली पुरे. सावलीकडच्या खड्ड्यात किंवा पोत्यात रेतीमिश्रित मातीबरोबर ती मिसळा आणि त्यात ज्वारी किंवा मका दाट पेरा. डीएपी अजिबात नाही. अडीच-तीन महिन्यांनी पाणी तोडा, आठवडा-दहा दिवसांनी वरचं कापून टाका, आणि मुळं बारीक चिरून मातीसकट सावलीत वाळवा. तेच पेरणीच्या वेळी तासात किंवा रोपाच्या खड्ड्यात घाला. मर आलेल्या जागेची माती चुकूनही घेऊ नका, रोगही सोबत येईल.

बीजप्रक्रियेचं औषध तिला मारतं का?

कार्बेन्डाझिमसारखी मुळात शिरणारी बुरशीनाशकं तिलाही रोखतात. मर येणाऱ्या वावरात बीजप्रक्रिया सोडू नका. शक्य तिथे ट्रायकोडर्मा वापरा. ट्रायकोडर्मा ही तिसरीच बुरशी आहे, ती रोगाच्या बुरशीशी लढते आणि या दोघींचं जमतं.

संत्र्याला उपयोग होतो?

वरूड-मोर्शीकडचे भाऊ हे नेहमी विचारतात. संत्र्याला तर पिकांपेक्षाही जास्त होतो, कारण लिंबूवर्गीय झाडांच्या मुळांना केस कमी आणि आखूड. अमेरिकेत रोपवाटिकांच्या वाफ्यांना रोग नको म्हणून विषारी धुरी दिली, तेव्हा लिंबूवर्गीय रोपं खुजी राहू लागली. धुरीत मित्रबुरशी मेली होती हे १९७२ साली दाखवलं गेलं. जंबेरीची (हिच्यावर संत्र्याचं कलम बांधतात) रोपं घेताना मुळं बघा, आणि बागेत वरचेवर तणनाशक मारून जमीन सिमेंटसारखी उघडी करू नका. दोन ओळींत बरबटी, मूग, ताग येऊ द्या, फुलावर आला की तागाचं आच्छादन करा. मात्र ओळीत पाणी साचू देऊ नका. डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) पाण्यानं येतो आणि त्यावर बुरशीचा उतारा पुरणार नाही.

आमचा धानपट्टा. पाण्यात बुरशी टिकते का?

साचलेल्या पाण्यात ती कमी होते. पण भंडारा-गोंदियाकडे धान उभं असतानाच लाखोळी किंवा जवस फेकून उतेरा घेतात, आणि धुऱ्यावर तूर लावतात, हे त्यासाठी उत्तमच. पाणी उतरल्याबरोबर बुरशीला मुळं मिळतात. हल्ली यंत्रानं कापणी झाल्यावर उतेरा मोडतो आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

ज्वारीत टारफुला येतो. त्याचा याच्याशी संबंध आहे म्हणतात?

आहे, आणि विलक्षण आहे. टारफुला म्हणजे ज्वारीच्या मुळावर जगणारं तण. झाडाला स्फुरद कमी पडला की मुळातून एक रस स्रवतो. त्या खुणेवर बुरशीचे धागे फांद्या फोडतात; हे २००५ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं. पण त्याच खुणेवर टारफुल्याचं बीही उगवतं आणि ज्वारीच्या मुळावर बसतं. आपण बुरशीला मारलेली हाक चोरालाही ऐकू जाते. तुरीबरोबर ज्वारी घेणं आणि टारफुला फुलायच्या आधी उपटणं, आम्हाला एवढंच जमतं.

माती सुधारली हे घरच्या घरी कसं पाहू?

धुऱ्यावरचं एक वाळलेलं ढेकूळ आणि वावरातलं एक, दोन्ही बोराएवढे. काचेच्या दोन पेल्यांत पाणी घ्या आणि हळूच सोडा. आमच्या सोयाबीनच्या तुकड्यातलं ढेकूळ चहात बिस्कीट विरघळावं तसं मिनिटभरात बसलं, पाणी गढूळ झालं. धुऱ्यावरचं अर्ध्या तासानंतरही उभं होतं, खालून बारीक मुळ्या दिसत होत्या. मुळ्या आणि बुरशीचे धागे मातीचे कण धरून ठेवतात. अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यात मात्र हा प्रयोग फसवतो. तिथे सोडियममुळे ढेकूळ तसंही विरघळतं.

फरक किती दिवसांत दिसेल?

पहिल्या वर्षी उत्पादन वाढेल असं मी कोणाला सांगत नाही. आमच्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जाणवलं ते पावसाच्या खंडात : मिश्र तुकड्यातली पऱ्हाटी दुपारी थोडी उशिरा कोमेजायची. त्यात बुरशीचा वाटा किती, तुरीच्या सावलीचा किती आणि शेणखताचा किती हे मी वेगळं करू शकत नाही.

ज्वारी लावली की रानडुकरं, रोही (नीलगाई) येतात. काय करायचं?

हे खरं दुखणं आहे आणि त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. आम्ही सलग ज्वारी घेत नाही. तुरीत मधे-मधे दोन-तीन तास, तेही घराच्या बाजूला. काठानं करडी, तिच्या काट्यांमुळे जनावर थोडं बिचकतं. भारी जमिनीत सोयाबीननंतर हरभऱ्यात जवसाचे तास घालतो, त्याला डुकरं फार लागत नाहीत.

बी कुठून आणायचं?

जवस, हरभरा, तूर यांचे वाण अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या केंद्रांवर मिळतात. बरबटी, अंबाडी, तिळासाठी म्हाताऱ्या बायांना विचारा. आमच्या सासूबाईंनी बरबटीचं बी राखेत घोळून मडक्यात, तोंडाला शेण-माती लिंपून ठेवलं होतं. मडकं मृगाच्या आधी फोडलं आणि जवळजवळ सगळं बी उगवलं. कोणाला मूठभर हवं असेल तर पेरणीच्या आठ दिवस आधी घरी या, आणि घेतलं तेवढं हंगामानंतर परत करा, म्हणजे पुढच्याला देता येईल.